बाली आणि व्हिएतनाम: व्हिसा घरून काढावा की विमानतळावर घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या डिसेंबरमध्ये आपण पती-पत्नी, त्याच महिन्यात पाच वर्षे पूर्ण करणारा मुलगा आणि सत्तरीतले आई-वडील असे पाच जण मुंबईहून हो चि मिन्ह सिटीमार्गे बालीला जाणार आहात. बालीत सात रात्री राहून परतीच्या वाटेवर हो चि मिन्हमध्ये तीन रात्री मुक्काम आहे. दोन्ही देशांचे पर्यटक व्हिसा घरबसल्या ऑनलाइन काढावेत की तिथे उतरल्यावर घ्यावेत, हे आपल्याला ठरवायचे आहे. पुण्यात परदेशी सहलींचे काम करताना गेल्या बावीस वर्षांत हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला आहे आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात एकच चिंता असते: रांग किती मोठी असेल? माझ्या मते रांग ही यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. अर्जातली किंवा कागदपत्रांतली चूक घरी असताना सापडणार की परदेशी विमानतळावर, याचा विचार आधी करायला हवा.

निष्कर्ष आधी सांगते. व्हिएतनामचा व्हिसा ऑनलाइनच काढा, कारण आपल्यासारख्या पर्यटकाला तिथे दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. इंडोनेशियासाठी, म्हणजे बालीसाठी, दोन्ही मार्ग खुले आहेत आणि आपल्या कुटुंबातल्या चौघांसाठी मी ऑनलाइन मार्ग सुचवीन. मुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. 'व्हिसा ऑन अरायव्हल' हे नाव ऐकले की आधी काहीही न करता विमानात बसायचे, असा समज होतो. हे नाव अनेक वेगवेगळ्या व्यवस्थांना सरसकट लावले जाते. आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. भारताने २०१० साली जपान, सिंगापूर, न्यूझीलंड, फिनलंड आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या नागरिकांना विमानतळावर व्हिसा देण्यास सुरुवात केली. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये बऱ्याच देशांसाठी ऑनलाइन परवानगीची सोय आली, पण तिच्या नावातही 'ऑन अरायव्हल' हे शब्द होते. परदेशी पर्यटकांना वाटे की भारतात उतरल्यावर व्हिसा मिळेल. प्रत्यक्षात परवानगी निघण्यापूर्वीच घ्यावी लागे. या गोंधळामुळे २०१५ मध्ये नाव बदलून 'ई-टुरिस्ट व्हिसा' करण्यात आले. त्यामुळे एखाद्या देशाचा व्हिसा 'ऑन अरायव्हल' मिळतो असे कोणी सांगितले, तर त्यासाठी आधी काही मंजुरी लागते का, हे पहिल्यांदा विचारावे.

व्हिएतनाममध्ये हाच सापळा आहे. तिथे विमानतळावर व्हिसाचा शिक्का मिळतो हे खरे, परंतु त्यासाठी तिथल्या यंत्रणेने आधीच दिलेले मंजुरीपत्र हातात असावे लागते. ते पत्र तिथल्या एखाद्या कंपनीमार्फत मागवायचे, त्या कंपनीला सेवाशुल्क द्यायचे आणि उतरल्यावर रांगेत उभे राहून शिक्क्याचे शुल्क पुन्हा वेगळे भरायचे. ई-व्हिसा नव्हता त्या काळात आम्ही सगळे हेच करत होतो. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतच्या मुदतीचा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलरला आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला. अशा वेळी मंजुरीपत्राच्या मार्गाला जाण्याचे कारण उरलेले नाही.

इंडोनेशियाची गोष्ट निराळी आहे. आपल्या ओळखीत कोणी २०१९ च्या सुमारास बालीला जाऊन आले असेल, तर 'तिथे व्हिसा फुकट असतो' असे ते सांगतील, आणि त्या काळापुरते ते बरोबर होते. इंडोनेशियाने २०१६ मध्ये भारतासह १६९ देशांना ३० दिवसांचा मोफत प्रवेश दिला होता. कोविडच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, तो थांबला आणि २०२३ मध्ये बहुतेक देशांसाठी रीतसर रद्द झाला. आता भारतीयांना ५,००,००० रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा घ्यावा लागतो. आपल्या चलनात ही रक्कम माणशी अडीच ते पावणेतीन हजार रुपयांच्या आसपास जाते आणि लहान मुलालाही पूर्ण शुल्क पडते. हाच व्हिसा बालीतल्या देनपसारच्या विमानतळावर खिडकीपाशी पैसे भरून मिळतो, आणि नोव्हेंबर २०२२ पासून तोच 'ई-व्हीओए' (इलेक्ट्रॉनिक व्हिसा ऑन अरायव्हल) या नावाने घरून काढता येतो. दोन्हींचा दर्जा, मुदत आणि मूळ शुल्क सारखेच आहे. ऑनलाइन भरताना वर थोडे प्रक्रिया शुल्क लागते.

मग ऑनलाइन का? देनपसारला उतरल्यावर दोन टप्पे असतात. आधी व्हिसाचे पैसे भरण्याची खिडकी आणि मग इमिग्रेशनची रांग. ई-व्हीओए असेल तर पहिला टप्पा वगळला जातो. पंधरा मिनिटांत मोकळे झालेले प्रवासी मी पाहिले आहेत आणि लागोपाठ तीन-चार विमाने उतरल्यामुळे दीड तास खोळंबलेलेही. नाताळच्या आठवड्यात रात्रभर प्रवास करून आलेल्या सत्तरीतल्या माणसांना दोनदा रांगेत उभे करू नये, इतपत रांगेचा मुद्दा मलाही मान्य आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की ऑनलाइन अर्जात पासपोर्टच्या पानाची प्रत चढवावी लागते, मुदत तपासली जाते, आणि काही बिनसले तर ते आपल्याला आपल्या घरच्या टेबलाशी बसून कळते. विमानतळावरच्या व्हिसाची 'हमी' असते असे लोक समजतात, आणि तो समज चुकीचा आहे. तिथे अर्जाची आधी छाननी झालेली नसते एवढेच. निर्णय समोरचा अधिकारी त्या क्षणी घेतो. पासपोर्ट फाटलेला, पाण्याने फुगलेला किंवा पान सुटलेला असेल तर बालीत तो चालवून घेत नाहीत, आणि असा प्रवासी पुढच्या विमानाने परत पाठवला जातो.

विमानतळावरच्या व्हिसाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण आमच्या व्यवसायात ती मांडायला लोक कचरतात. त्याचा मोठा फायदा असा की आपण काहीच टंकत नाही. अधिकारी पासपोर्ट यंत्रावर ठेवतो, नाव आणि क्रमांक थेट वाचले जातात आणि अक्षराची चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय सहल ऐन वेळी रद्द झाली तर शुल्क बुडत नाही, कारण ते भरलेलेच नसते. ज्यांची तारीख पक्की नाही किंवा ज्यांचा नवा पासपोर्ट अजून हाती यायचा आहे, त्यांना इंडोनेशियासाठी मी स्वतः हाच मार्ग सांगते.

आता नावाविषयी. हा भाग मराठी माणसांसाठी विशेष लिहिते, कारण इतकी वर्षे काम करून सर्वाधिक अडलेली प्रकरणे मी इथेच पाहिली आहेत. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव व त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असे दोन्ही मिळून 'दिलेले नाव' म्हणून छापलेले असते. अर्ज भरताना घरातला तरुण सदस्य घाईत फक्त पहिले नाव आणि आडनाव लिहितो. मधले नाव गळते. व्हिएतनामचा ई-व्हिसा त्या अपुऱ्या नावाने छापून येतो आणि मुंबईत विमान कंपनीच्या खिडकीवर तो पासपोर्टशी जुळत नाही. नाशिकच्या एका दांपत्याचे असेच झाले होते. त्यांनी स्वतः अर्ज भरला होता, पत्नीचे मधले नाव राहिले होते, आणि रात्री अकरा वाजता विमानतळावरून त्यांचा मला फोन आला. त्या वेळी करण्यासारखे काहीही नव्हते. नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवी तिकिटे घेऊन ते पाच दिवसांनी गेले. ही चूक दोन मिनिटांत टाळता येते. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या वरच्या ओळीत नाव ज्या अक्षरांत आणि ज्या क्रमाने आहे, तसेच्या तसे अर्जात उतरवावे. आईंच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असून तिकीट सासरच्या नावाने काढलेले नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांनी तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून येण्यास मनाई केलेली आहे, आणि अन्यत्रही असे पासपोर्ट अडतात.

तारखांच्या बाबतीत हे दोन देश अगदी उलटे वागतात आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो. इंडोनेशियाचा ई-व्हीओए मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत कधीही वापरता येतो आणि ३० दिवसांची मोजणी आपण तिथे उतरतो त्या दिवसापासून सुरू होते. उतरल्याचा दिवस पहिला धरला जातो. मुदत ओलांडली तर दर दिवशी माणशी १०,००,००० रुपिया दंड आहे, पण सात रात्रींच्या सहलीत तो प्रश्न आपल्याला येणार नाही. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर मात्र 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे छापलेले असते आणि सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या रात्री साडेअकराला जरी विमान उतरले तरी प्रवेश मिळत नाही. बालीहून संध्याकाळी निघणाऱ्या विमानांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. आमच्याकडे एक साधा नियम आहे: व्हिएतनामच्या व्हिसाची सुरुवातीची तारीख ठरलेल्या प्रवेशाच्या निदान तीन-चार दिवस आधीची आणि शेवटची तारीख परतीनंतर आठवडाभर पुढची लिहायची. ३० दिवस मागितले काय आणि ९० मागितले काय, शुल्क तेच असते. मग नेमक्या तीन दिवसांचा व्हिसा मागून स्वतःला कोंडीत पकडण्यात अर्थ नाही.

आपल्या मार्गात आणखी एक खाचखळगा आहे. जाताना आपण हो चि मिन्हला केवळ विमान बदलणार आहात. मुंबई ते देनपसार हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि सामान मुंबईतूनच थेट देनपसारपर्यंत नोंदवले जात असेल, तर विमानतळाच्या आतल्या भागातच थांबून पुढचे विमान पकडता येते व तेवढ्यासाठी व्हिएतनामचा व्हिसा लागत नाही. मग परतीच्या तीन रात्रींसाठी एकदा प्रवेशाचा २५ डॉलरचा व्हिसा पुरेसा आहे. पण स्वस्त पडते म्हणून मुंबई–हो चि मिन्ह आणि हो चि मिन्ह–देनपसार अशी दोन सुटी तिकिटे घेतली असतील, तर सामान घेण्यासाठी आणि पुन्हा नोंदवण्यासाठी आपल्याला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागेल. बाहेर आलात की प्रवेश झाला आणि एकेरी व्हिसा तिथेच संपला. सात दिवसांनी परतताना तो निरुपयोगी ठरेल. अशा वेळी पाचही जणांना अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा, म्हणजे एकूण १२५ डॉलरचा वाढीव खर्च. सुट्या तिकिटांत वाचलेले पैसे या हिशेबात अनेकदा निघून जातात. म्हणून व्हिसाच्या अर्जाला हात घालण्यापूर्वी तिकिटे एकदा नीट वाचा, आणि शंका असल्यास 'सामान थेट देनपसारपर्यंत जाईल का' एवढा एकच प्रश्न विमान कंपनीला लेखी विचारा.

अर्ज कुठे भरायचा, हेही जपून पाहावे लागते. शोधयंत्रात 'बाली व्हिसा' असे टाकले की वरच्या ओळीत जाहिराती येतात. त्यांचे रूप सरकारी संकेतस्थळासारखे असते आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या सुरुवातीला 'ई-व्हिसा' हा शब्द असण्याला काडीचीही किंमत नाही. पत्त्याचा शेवट पाहावा. इंडोनेशियाच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट आयडी' असते आणि व्हिएतनामच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन'. पैसे भरताना भारतीय कार्ड नाकारले जाणे ही रोजची तक्रार आहे, आणि तिचे कारण बहुधा इथेच असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून आपल्याला स्वतः चालू करावी लागते. ती आधी चालू करून मगच अर्जाला बसा.

व्हिएतनामच्या अर्जाला अधिकृतपणे तीन कामकाजाचे दिवस लागतात, पण शनिवार, रविवार आणि तिथल्या सुट्ट्या त्यात धरल्या जात नाहीत, आणि वर्षअखेरीस गर्दी असते. प्रवासाच्या महिनाभर आधी अर्ज करावा असे माझे मत आहे, म्हणजे एखादा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तरी हाताशी वेळ राहतो. आलेला व्हिसा कागदावर छापून घ्या. फोनवर दाखवता येतो हे खरे, पण पाच जणांचे व्हिसा एका फोनवर आणि तो फोन ऐन वेळी बंद, हा प्रसंग मी पाहिलेला आहे.

आता मुलाविषयी. तो पाच महिन्यांचा असताना दुबईला नातेवाइकांकडे जाण्यासाठी त्याचा पासपोर्ट काढला होता, असे आपण लिहिले आहे. लहान मुलांचा पासपोर्ट आपल्याकडे पाच वर्षांचाच मिळतो. म्हणजे त्याचा पासपोर्ट येत्या मे महिन्यात संपतो, आणि इंडोनेशियात उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेला त्याची पाचच महिने उरलेली असतील. या पासपोर्टवर त्याला ई-व्हीओए मिळणार नाही आणि विमानतळावरचाही मिळणार नाही. किंबहुना गोष्ट तिथपर्यंत जाणारच नाही, कारण मुंबईतच विमान कंपनी त्याला विमानात बसू देणार नाही. ज्याला प्रवेश नाकारला जातो त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर पडते, म्हणून तिचे कर्मचारी व्हिसा, पासपोर्टची मुदत आणि पुढचे तिकीट या तिन्ही गोष्टी काटेकोरपणे पाहतात. आई-वडील स्वतःच्या दहा वर्षांच्या पासपोर्टकडे पाहून निश्चिंत असतात आणि मुलाचा पासपोर्ट कपाटात तसाच राहतो. असे मी दर हंगामात पाहते.

त्याच्या नव्या पासपोर्टसाठी याच आठवड्यात अर्ज करा. आई-वडील दोघांच्या सह्यांचे 'अनेक्श्चर डी' हे घोषणापत्र लागते, आणि आपण दोघेही मुंबईतच असल्यामुळे त्यात अडचण नाही. नवा क्रमांक हाती येईपर्यंत त्याचा कोणताही ई-व्हिसा काढू नका, कारण दोन्ही देशांचे ऑनलाइन व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी बांधलेले असतात आणि जुन्या क्रमांकावरचा व्हिसा नव्या पासपोर्टवर चालत नाही. पासपोर्ट वेळेत आला तर त्याचाही ई-व्हीओए काढून टाका. उशीर झाला, तर बालीसाठी त्याचा एकट्याचा व्हिसा विमानतळावर घ्यावा. आपल्यापैकी एकाने त्याच्यासह खिडकीपाशी पैसे भरायचे, तोपर्यंत बाकीच्यांनी आजी-आजोबांना घेऊन पुढे बसायचे, आणि मग इमिग्रेशनला सगळ्यांनी एकत्र जायचे. कुटुंबातल्या व्यक्तींचे व्हिसा वेगवेगळ्या मार्गांनी घेतलेले असले तरी चालते. व्हिएतनामला मात्र ही सवलत नाही. त्यामुळे नवा पासपोर्ट नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत हातात असणे ही आपली खरी मर्यादा आहे.

आई-वडिलांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी मंजुरी आवश्यक) असा उल्लेख आहे का, तेही पाहा. दहावीचे प्रमाणपत्र न जोडता काढलेल्या पासपोर्टवर तो असू शकतो. नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय कामगारांच्या संरक्षणाकरिता सरकारने काही देशांची यादी केली आहे आणि आखाती देशांबरोबर इंडोनेशियाही तिच्यात आहे. पर्यटनासाठी जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही, परंतु मुंबईच्या इमिग्रेशनवर चौकशी होऊ शकते. म्हणून दोघांच्या हाती परतीच्या तिकिटाची आणि हॉटेलच्या नोंदणीची स्वतंत्र छापील प्रत द्या आणि त्यांना आपल्याच रांगेत, आपल्या पुढे उभे करा.

बालीत व्हिसाखेरीज प्रत्येक परदेशी पर्यटकाला १,५०,००० रुपियांचा बेटाचा कर द्यावा लागतो. तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, व्हिसाच्या शुल्कात धरलेला नाही आणि मुलालाही लागतो. तो 'लव्ह बाली' या सरकारी संकेतस्थळावर आधी भरता येतो. भरल्याची पावती व्हिसाच्या कागदांसोबतच ठेवा.